फटफटी, स्कूटर, चार्जर : आपल्या सोसायटीच्या दुचाक्यांचा इतिहास

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहून द्या, असं समितीच्या तरुण मंडळींनी सांगितलं. नोंदणी कधी झाली, पहिले चेअरमन कोण, बोअरला पाणी किती फुटांवर लागलं, रस्ता खडीचा कधी आणि डांबरी कधी झाला, हे सगळं सचिवांच्या अहवालात आलेलं आहे. तेच पुन्हा लिहिण्यात हशील नाही. म्हणून मी जरा वेगळा इतिहास घेतला आहे. पंचवीस वर्षांत आपल्या फाटकातून ज्या दुचाक्या आत आल्या आणि बाहेर पडल्या, त्यांचा इतिहास. गाड्यांचा कसला आलाय इतिहास, असं कोणी म्हणेल. पण माझं म्हणणं असं आहे की दुचाकी नसती तर ही सोसायटीच झाली नसती. आणि गाड्या जसजशा बदलत गेल्या, तसतसे आपले एकमेकांशी असलेले संबंधही बदलत गेले. ते कसे, तेवढंच सांगतो.

गाडी नव्हती तेव्हा

मी १९८१ साली शिक्षक म्हणून नोकरीला लागलो. तेव्हा गिरणाकाठच्या किंवा डोंगराच्या बाजूच्या गावात बदली झाली की मास्तरने त्याच गावात खोली घ्यायची, असा रिवाज होता. रिवाज कसला, इलाजच नव्हता. सकाळची एसटी चुकली की पुढची दुपारी. पायी किंवा सायकलवर जायचं म्हटलं तर चढाचा रस्ता आणि उन्हाळ्यात समोरून वारा. तलाठी, ग्रामसेवक, नर्सबाई, सगळ्यांचं तेच. देवळ्याला घर करून बाहेर नोकरी करणं ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात नव्हती.

गावात फटफट्या अगदी मोजक्या. बागायतदाराकडे बुलेट किंवा राजदूत, डॉक्टरांकडे जावा नाहीतर येझदी. फटफटी गावात शिरली की आवाजावरून लोक सांगायचे, कोण आलं ते. राजदूतचा आवाज वेगळा, बुलेटचा वेगळा. त्या काळी बुलेटचे गिअर उजव्या पायाला असत, हे आज बुलेट घेऊन मिरवणाऱ्या आपल्या नातवंडांना खरं वाटत नाही.

स्कूटर म्हणजे तर नवसाची गोष्ट. आपल्या महाराष्ट्रातच, आकुर्डीला, बजाज ऑटोने इटलीच्या पिआजिओ कंपनीच्या सहकार्याने व्हेस्पा बनवायला सुरुवात केली होती. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून ‘चेतक’ आली, महाराणा प्रतापांच्या घोड्याच्या नावाची. पण किती गाड्या बनवायच्या यावर सरकारी परवान्याचं बंधन होतं, त्यामुळे नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. लग्न ठरताना ‘मुलाचा स्कूटरला नंबर लागलेला आहे’ हेसुद्धा स्थळाच्या जमेच्या बाजूला धरलं जाई.

त्याच १९७२ साली पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने लुना काढली. पन्नास सीसीचं इंजिन, सायकलसारखे पॅडल. पेट्रोल संपलं तर पॅडल मारत घरी या. शहरात लोक तिला हसले असतील, पण आमच्यासारख्या दरमहा पगार मोजून आणणाऱ्यांना पहिल्यांदा वाटलं की आपलीही गाडी असू शकते. पुढे औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि एम-८० आली. एम-८० ही खेड्यातली खरी कामकरी गाडी. दुधाच्या किटल्या, कोबीची पोती, पुढे पोरगं आणि मागे बायको, सगळं तिच्यावर. माझी पहिली गाडी १९८७ सालची, सोसायटीच्या पतपेढीतून कर्ज काढून घेतलेली जुनी मोपेड.

तालुका झाला, प्लॉट पडले

१९९९ मध्ये देवळा स्वतंत्र तालुका झाला. तहसील आली, पंचायत समिती आली, पाठोपाठ बाकीची कार्यालयं आली. त्याआधीपासून लोहोणेर-विठेवाडीच्या बाजूला साखर कारखाना होताच. म्हणजे पगारदार माणूस वाढला. आणि नेमकं त्याच दशकात त्याच्या हातात मोटारसायकल आली.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी-१०० आली आणि १९९४ मध्ये स्प्लेंडर. या गाड्यांनी काय बदल केला ते समजून घ्यायला थोडं इंजिनात डोकावावं लागेल. लुना, एम-८०, जुनी चेतक, राजदूत ही सगळी दोन-स्ट्रोक इंजिनं. पिस्टन एकदा वर, एकदा खाली, की लगेच पेट्रोलचा भडका. इंजिन साधं, ताकद बरी, पण पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागायचं, लिटरला वीस-तीस मिली. ते ऑइल पेट्रोलबरोबर जळायचं, म्हणून निळा धूर. न जळलेलं पेट्रोलही धुराबरोबर बाहेर जायचं. चार-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या चार फेऱ्यांत एकदाच भडका. ऑइल खाली वेगळं राहतं, पेट्रोल पुरतं जळतं. परिणाम काय, तर त्याच एका लिटरमध्ये माणूस दीडपट, कधी दुप्पट लांब जाऊ लागला.

हा हिशेब कागदावर लहान वाटतो. पण रोज जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर करणाऱ्या शिक्षकासाठी याचा अर्थ असा होता, की नोकरीच्या गावात खोली घेण्यापेक्षा देवळ्यात घर बांधून रोज गाडीने जाणं परवडतं. मुलांना तालुक्याच्या शाळेत घालता येतं. बायकोला आईबापांचं बघता येतं. २००० साली आपल्या सोसायटीची नोंदणी झाली तेव्हा पहिल्या सभासदांची यादी पाहा. शिक्षक, ग्रामसेवक भाऊसाहेब, कारखान्यातले फिटर, बँकेतले, एसटीतले, दवाखान्यातल्या सिस्टर, आणि ज्यांची शेती खामखेडा, भऊर, वाखारी, मेशीकडे आहे पण पोरांच्या शिक्षणासाठी इकडे आले ते शेतकरी. यातला एकही जण पायी चालत जाऊन पोट भरेल असा नव्हता. हा नकाशाच गाडीने काढलेला आहे.

सकाळचे साडेनऊ आणि एक प्लग पाना

सुरुवातीची दहा वर्षं सकाळी साडेनऊला फाटकाशी जत्रा असायची. पावसाळ्यात हमखास दोन-चार गाड्या रुसलेल्या. कोणी चोक ओढून किक मारतोय, कोणी प्लग काढून पॉलिश पेपरने घासतोय, कोणी स्कूटर एका अंगावर आडवी करून परत उभी करतोय. पेट्रोल रिझर्व्हला लागलं म्हणून कोणी नळीने दुसऱ्याच्या टाकीतून अर्धा लिटर घेतोय. ‘कथा चालनात भाऊ?’ असं आप्पांनी गच्चीवरून विचारलं की समजायचं, आज आप्पांची गाडी बंद आहे आणि त्यांना मागे बसायचं आहे.

कारखान्यातले जिभाऊ आमचे बिनपगारी मिस्तरी. त्यांच्याकडे प्लग पाना, फिलर गेज, क्लच वायर, जुन्या ट्यूबचे तुकडे अशी एक लोखंडी पेटी होती. पेटीला कुलूप नव्हतं. ज्याला लागेल त्याने न्यावं आणि संध्याकाळी परत ठेवावं, एवढाच नियम. मला इंजिन उघडायचा नाद लागला तो त्यांच्यामुळे. रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर पोतं अंथरून कार्बोरेटर साफ करायचा. लहानशा पितळी जेटमधून तोंडाने हवा फुंकायची, आरपार उजेड दिसला की जिभाऊ म्हणायचे, ‘सर, आता हिचं नाक मोकळं झालं.’ त्याआधी मी रेडिओ दुरुस्त करायचो. रेडिओ एकट्याने बसून उघडतात, गाडीभोवती मात्र चार माणसं जमतात. माझ्यासारख्या थोड्या अबोल माणसाला या गल्लीत ओळख मिळाली ती त्या पोत्यावर.

घरगुती भांडणं, जमिनीचे वाद, मुलांची लग्नं, कांद्याचा भाव, हे सगळं तिथेच निघायचं. सर्वसाधारण सभेला कोरम जमत नसे, पण बंद पडलेल्या गाडीभोवती नेहमी जमायचा. पाण्याच्या टाकीसाठी जादा वर्गणी काढायचं आधी तिथेच ठरलं, सभेत फक्त हात वर झाले.

वहिनींच्या हातात चावी

२००१ मध्ये होंडाची ॲक्टिव्हा आली. बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी. बटण स्टार्ट आणि बिनगिअर हे काही नवीन नव्हतं, कायनेटिक होंडाने १९८४ मध्येच ते आणलं होतं. पण आपल्याकडच्या गल्लीत ते पोचायला वेळ लागला.

आपल्या सोसायटीत पहिली गाडी शिकल्या त्या सिस्टर. त्यांना रात्री-अपरात्री बाळंतपणाला बोलावणं यायचं आणि दरवेळी नवऱ्याला किंवा शेजाऱ्याला उठवावं लागायचं. त्यांनी शाळेच्या मैदानावर पंधरा दिवस चकरा मारल्या. तेव्हा मैदानाच्या कडेला उभं राहून हसणाऱ्यांची नावं मला आठवतात, पण स्मरणिकेत कशाला! वर्षभरात आमच्या सौभाग्यवतींसह सात-आठ वहिनी शिकल्या. आमच्या घरात तोपर्यंत ‘मला बँकेत सोडता का’, ‘दवाखान्यात नेता का’ अशी वाक्यं रोजची होती. ती हळूहळू बंद झाली. महिला बचत गटाचे हिशेब, मुलीची शिकवणी, माहेरचं आजारपण, सगळं त्यांचं त्या बघू लागल्या.

पुरुषमंडळींच्या गाडीने सोसायटी वसवली. पण सोसायटीचा कारभार बायकांच्या हातात जायला सुरुवात झाली ती त्यांच्या हातात चावी आली तेव्हापासून. सध्याच्या कार्यकारिणीत कोण कोण आहे ते पाहिलं की वेगळा पुरावा द्यायला नको.

रात्रीची मोटार

शेतकरी सभासदांचा इतिहास थोडा वेगळा आहे. २००५ नंतरची लोडशेडिंगची वर्षं आठवा. शेतीला वीज कधी रात्री अकराला, कधी पहाटे तीनला. आप्पा, नाना यांच्यासारखे पाच-सहा जण रात्री उठायचे, कानाला मफलर बांधायचे, बॅटरी घ्यायचे आणि गाडीवर मळ्यात. मोटार चालू करायची, उन्हाळ कांद्याला पाणी लावायचं, बारे मोडायचे आणि पहाटे परत यायचं. थंडीत त्यांची गाडी बाहेर पडली की अर्ध्या गल्लीला कळायचं, आज लाईट कितीला आली ते.

मग मोबाईलवर चालणारे स्टार्टर आले. घरून फोन लावा, मोटार चालू. पुन्हा फोन लावा, बंद. आप्पांची रात्रीची फेरी वाचली. बिबट्याची धास्ती गेली, गुडघ्यांना आराम मिळाला. ही फार मोठी सोय झाली, याबद्दल दुमत नाही. पण आप्पा एक वाक्य बोलले ते माझ्या लक्षात राहिलं. ‘मोटार चालू झाली असा मेसेज येतो सर, पण पाट कुठं फुटला ते मेसेज नाही सांगत.’

कांद्याच्या भावाचंही तसंच. पूर्वी उमराण्याला किंवा लासलगावला काय भाव फुटला हे बघायला कोणीतरी गाडीवर जायचं आणि येऊन ओट्यावर सांगायचं. आता लिलाव चालू असतानाच भाव मोबाईलवर येतो. माहिती लवकर मिळते, पण प्रत्येकाला आपापल्या घरात मिळते.

रविवारच्या सफरी

गाडीने पोट भरलं तशी हौसही भागवली. २००४ च्या दसऱ्यानंतर आम्ही आठ जणांनी रविवारची सफर सुरू केली. नियम तीन. ऐंशी सीसीपासून बुलेटपर्यंत सगळ्यांना प्रवेश, वेग सगळ्यात हळू गाडीचा, आणि डबा घरचा.

आपल्याला काही लांब जायला नको. सप्तशृंगी गड, चणकापूर धरण, मांगी-तुंगी, मुल्हेर, साल्हेर, सगळं दिवसात उरकून येण्यासारखं. साल्हेर म्हणजे महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. कळसूबाईनंतर उंचीत त्याच्याच शिखराचा नंबर, १५६७ मीटर. १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं ते याच्याच पायथ्याशी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात साल्हेर आहे हे वाचलं तेव्हा आमच्या जुन्या गटाने एकमेकांना फोन केले. छत्तीस फोटोंचा एक रोल आम्ही तिथे तिघांत मिळून वापरायचो. प्रत्येकाला बारा फोटो, विचार करून काढायचे. ते फोटो आजही प्रत्येकाच्या घरात आहेत. मोबाईलमधले हजारो कुठे गेले ते विचारू नका.

सफरीत गाडी बंद पडली तरी कोणी चिडत नसे. झाडाखाली थांबायचं, पेटी उघडायची. पंक्चर काढता-काढता मला कळलं, की बँकेतले गंभीर साहेब फार सुंदर भजन म्हणतात आणि भाऊसाहेबांना आपल्या मुलाची काळजी झोपू देत नाही.

आता नवी पिढी नव्या बुलेट घेऊन लडाखला जाऊन येते. २००९ मध्ये क्लासिक आली आणि बुलेटला पुन्हा दिवस आले. पोरांची तयारी बघून आनंद होतो. हातमोजे, गुडघ्यांना पॅड, मोबाईलवर नकाशा. दुसरीकडे सायकल परत आली आहे. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी पार करायची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून आपल्याकडेही पहाटे सायकलवर जाणारे वाढले. गंमत वाटते. ज्या सायकलवरून शाळेत जाताना आमची मान खाली असायची, तीच आता मोटारसायकलच्या किमतीत विकत घेऊन लोक हौसेने चालवतात.

एक हेल्मेट खिळ्याला राहिलं

या इतिहासातलं एक पान मला टाळता येणार नाही. २०११ च्या थंडीत आपल्या सोसायटीतले एक तरुण शिक्षक रात्री घरी येताना रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रॉलीवर आदळले. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, लाल पट्टी नव्हती. त्यांचं हेल्मेट घरात खिळ्याला होतं. वय चौतीस. मुलगी बालवाडीत होती. त्यांचं नाव मी लिहीत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि घरच्यांनी तशी इच्छा सांगितली आहे.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी जिभाऊंनी स्वतःच्या पैशांनी लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्या आणल्या. सोसायटीची पोरं घेऊन ते कारखान्याच्या रस्त्याला उभे राहिले आणि उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या थांबवून पट्ट्या चिकटवल्या. ट्रॅक्टरवाले आधी कुरकुरले, कारण सांगितल्यावर गप्प झाले. हे काम तीन हंगाम चाललं. सभेत ठरावही झाला की रात्री फाटकातून कोणी हेल्मेटशिवाय जाणार नाही. ठराव वहीत आहे, तारखेसह. तो किती महिने पाळला गेला हे प्रत्येकाने आपापल्या घरच्या खिळ्याकडे बघून ठरवावं.

कायदा काही नवीन नाही. हेल्मेटची सक्ती १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातच आहे. गाड्याही पुष्कळ सुधारल्या. २०१७ पासून नव्या गाडीचा पुढचा दिवा दिवसाही चालूच राहतो. (सुरुवातीला गावोगाव लोक हाताने खुणा करायचे, ‘लाईट चालू आहे!’) २०१९ पासून नव्या गाड्यांना चाक घसरू नये म्हणून एबीएस किंवा दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली. पण २८ जानेवारी २०२० ला मेशी फाट्याजवळ एसटी आणि रिक्षा विहिरीत कोसळून वीसहून अधिक माणसं गेली, तो दिवस आपल्या तालुक्यात कोणी विसरणार नाही. रस्त्यावर निघालेला प्रत्येक माणूस कोणाच्या तरी घरचा असतो, हे त्या रात्री घराघरांत फोन लागत नव्हते तेव्हा सगळ्यांना कळलं.

किक गेली, पेटी बंद झाली

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे नियम आले. त्यामुळे बहुतेक मोटारसायकलींचा कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. किती पेट्रोल सोडायचं हे आता एक छोटा संगणक ठरवतो. गाडी थंडीत पहिल्या बटणाला सुरू होते. धूर नाही, चोक नाही. पण काही बिघडलं तर मेकॅनिक आधी वायर जोडून मशीनवर कोड वाचतो. पोतं अंथरून बसायचं दिवस संपले. त्याच सुमारास लॉकडाऊन लागला. महिना-दोन महिने उभ्या राहून गाड्यांच्या बॅटऱ्या उतरल्या, आणि ज्यांच्या जुन्या गाडीला किक होती तेवढेच औषधं आणायला बाहेर पडू शकले. जिभाऊंच्या पेटीला तेव्हा शेवटचं काम मिळालं. २०२१ च्या दिवाळीपासून पुढे जवळजवळ सहा महिने एसटीचा संप होता. तेव्हाही परीक्षेची पोरं, दवाखान्याची माणसं या गाड्यांनीच ने-आण केली. कोणाच्या गाडीवर मागची सीट रिकामी जाते आहे याची यादी सिस्टरांनी फाटकावर लावली होती.

आणि आता विजेच्या गाड्या. ज्या बजाजने २००९ मध्ये स्कूटर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, त्याच कंपनीची चेतक दहा वर्षांनी विजेवर परत आली. आपल्या सोसायटीत आज अशा गाड्या दहाच्या घरात आहेत. आमची नात अशाच गाडीवर क्लासला जाते. गाडी गेटमधून बाहेर पडली तरी आम्हाला कळत नाही. आवाजच नाही.

मागच्या सभेत चार्जिंगवरून वाद झाला. ज्यांची घरं मागे आहेत आणि गाडी पुढच्या मोकळ्या जागेत लागते, त्यांनी सोसायटीच्या मीटरवरून चार्ज करायचं की नाही? बिल कोणी भरायचं? दोन्ही बाजूंचं म्हणणं मी ऐकलं. माझ्या मते वेगळा सबमीटर बसवून ज्याचं त्याने भरावं, हे सरळ आहे. पण मला खटकलं ते दुसरंच. हा वाद व्हॉट्सॲपवर चार दिवस चालला. लिहिणारे दोघे एकमेकांच्या समोरासमोर राहतात. पूर्वी हाच प्रश्न बंद गाडीभोवती उभं राहून पंधरा मिनिटांत मिटला असता.

जुनं ते सगळं चांगलं, असं म्हणणारा मी नाही. काळ्या धुरात, पावसात भिजत किक मारणं यात काही थोरवी नव्हती. लोकांचे पाय मोडले, पाठी गेल्या, पगाराचा मोठा भाग पेट्रोल-ऑइलमध्ये गेला. आज सिस्टरांच्या सुनेला रात्री कोणाला उठवावं लागत नाही, हे चांगलंच झालं. फक्त एवढं लक्षात घ्यावं, की गाडीची प्रत्येक अडचण दूर झाली तशी शेजाऱ्याकडे जायची एक सबबही दूर झाली. ती सबब आता आपल्याला ठरवून शोधावी लागेल.

चावी कधी द्यायची

शेवटचा मुद्दा माझ्या वयाच्या सभासदांसाठी. मी या वर्षी सत्तरीत आलो. पंचावन्न उलटल्यावर लायसन्स पाच-पाच वर्षांनीच वाढवून मिळतं आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्र मिळालंही. पण संध्याकाळी समोरच्या गाडीचा पांढरा उजेड डोळ्यांवर आला की दोन क्षण काही दिसत नाही, हे डॉक्टरपेक्षा मला जास्त ठाऊक आहे. भावडबारीच्या घाटात मागून ट्रक आला की पूर्वी हात आपोआप सावरायचे, आता विचार करावा लागतो.

या गुढीपाडव्याला मी माझ्या २००३ सालच्या मोटारसायकलची चावी मुलाच्या हातात दिली. त्याने मागितली नव्हती. घरात कोणी काही बोललं नव्हतं. म्हणूनच देता आली. आपल्यातल्या काही जणांच्या मुलांना हे सांगायचं आहे, पण जीभ रेटत नाही, हे मला माहीत आहे. ज्या माणसाने गाडीवर सगळं घर उभं केलं, त्याला ‘नाना, आता नका चालवू’ कसं म्हणायचं? म्हणून नानांनी, आप्पांनी स्वतःहून म्हणावं. रात्रीची गाडी आधी सोडावी, मग हायवे, मग गर्दी. एकदम सगळं सोडलं की माणूस घरात बसून खंगतो, हेही मी पाहिलं आहे.

आणि एसटी आहेच की. पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना ती २०२२ पासून मोफत आहे, आम्हाला अर्धं तिकीट. आप्पा आता आठवड्यातून दोनदा एसटीने मळ्याकडे जातात. फाट्यावर उतरून उरलेलं चालतात आणि पाट कुठे फुटला आहे ते स्वतः बघून येतात.

रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने कार्यकारिणीपुढे तीन सूचना ठेवतो. एक, २०११ चा हेल्मेटचा ठराव पुन्हा वाचावा आणि या वेळी फाटकाच्या आतल्या बाजूला फळ्यावर लिहावा. दोन, येत्या हंगामापासून ट्रॉल्यांना लाल पट्ट्या चिकटवण्याचं काम पुन्हा सुरू करावं. पट्ट्यांचा या वर्षीचा खर्च मी देतो. तीन, जिभाऊंच्या घरच्यांनी त्यांची लोखंडी पेटी सोसायटीला दिली आहे, ती कार्यालयात शोभेला ठेवू नये. महिन्यातून एका रविवारी सकाळी ओट्यावर उघडावी. सायकलची चेन असो, मिक्सर असो, पोरांची खेळण्यातली मोटार असो, ज्याचं जे बंद असेल ते त्याने आणावं. विजेच्या गाडीवाल्यांनीही यावं. त्यांच्या गाडीत उघडण्यासारखं फार काही नाही, पण हवा तर भरावीच लागते.

पोतं मी आणीन.

— प्लॉट नं. ९ मधील एक निवृत्त शिक्षक सभासद